जुनं धातूच्या बॉडीचं ड्रिल: पैसे आर्मेचरचे द्या, चकाकीचे नाही

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना बंद पडला की टूल-रूमचा माल भंगारात येतो, आणि त्यात ॲल्युमिनियमच्या बॉडीची जड ड्रिल्स हमखास असतात. वुल्फ, रॅलिवुल्फ, ब्लॅक अँड डेकर. दुकानदार वायरीची टोकं सॉकेटमध्ये खुपसतो, ड्रिल घुर्र करतं, "जोई लो, चालू छे" (बघून घ्या, चालू आहे). एवढ्यावर भाव ठरवू नये. आर्मेचर म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरणारा भाग, आणि त्याची एक कॉइल तुटलेली असली तरी ते बिनभाराचं फिरतं. बफ मारून आरशासारखं केलेलं ड्रिल दिसलं तर जास्तच सावध राहावं, कारण ज्याला रंग खरवडायला वेळ मिळाला त्याला आतलं झाकायलाही मिळाला असणार.

दुकानातच दोन्ही बाजूंच्या कार्बनच्या (फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या ब्रशच्या) टोप्या उघडा. मोबाइलचा टॉर्च मारून चक (बिट पकडणारा जबडा) हातानं फिरवत कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतो ते तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, पाहा. सगळीकडे सारखा तपकिरी रंग असेल तर उत्तम. लागून असलेल्या दोनच पट्ट्यांवर काळा जळका डाग असेल, तर त्यांच्यामधली कॉइल तुटलेली आहे. चालू असताना कार्बनखाली बारीक निळसर ठिणग्या चालतात. कम्युटेटरभर आगीचं कडं फिरत असेल तर खाली ठेवा. बेअरिंग खडखडत असेल तर घाबरायचं कारण नाही, ६०८ किंवा ६२०० सारखी साधी बेअरिंग कुठेही मिळतात. आर्मेचर रिवाइंड करणं (तार नव्यानं गुंडाळणं) मात्र बऱ्याचदा ड्रिलच्या किमतीच्या वर जातं, म्हणून पारख त्याचीच.

घरी आणल्यावर आर्मेचर बाहेर काढून मल्टिमीटरनं लगतच्या दोन-दोन पट्ट्यांमधला रोध मोजत पूर्ण फेरी मारा. आकडा किती यापेक्षा तो सगळीकडे सारखा आहे का, हे महत्त्वाचं. एका जागी उडी मारली तर तार तुटली आहे, शून्याजवळ गेला तर शॉर्ट. दोन्ही फील्ड कॉइलचे (आर्मेचरभोवतीच्या स्थिर कॉइलचे) रोधही जवळजवळ सारखे यायला हवेत. काही जण शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चाचणी घेतात आणि बल्ब लख्ख पेटला की मोटर शॉर्ट असं जाहीर करतात. ते चूक आहे. या सिरीज मोटरचा रोध मुळातच कमी असतो, त्यामुळे चांगल्या मोटरवरही बल्ब बऱ्यापैकी उजळतो.

आता अर्थिंग. प्लास्टिकच्या दुहेरी इन्सुलेशनच्या ड्रिलला दोन वायरी पुरतात. धातूच्या बॉडीला नाही. भंगारातल्या बहुतेक ड्रिलची हिरवी वायर कुणीतरी कापून दोन पिनांचा प्लग बसवलेला असतो. आत इन्सुलेशन फुटलं की पूर्ण बॉडी फेजवर येते, आणि ती आपण मुठीत घट्ट धरलेली असते. जुनी केबल सरळ फेकून द्या. १ चौरस मिमीची तीन कोअरची नवी रबर केबल घ्या आणि तीन पिनांचा प्लग लावा. अर्थची वायर लगसकट (टोकाच्या धातूच्या कडीसकट) बॉडीच्या स्क्रूला बसवताना खालचा रंग खरवडा आणि दातेरी वॉशर घाला. हँडलच्या आत ही वायर बाकीच्या दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर अर्थ सगळ्यात शेवटी तुटेल. मग प्लगच्या मोठ्या पिनेपासून हँडल, मोटरची बॉडी, गिअरबॉक्स अशा प्रत्येक भागापर्यंत वेगळं मोजा. भागांमध्ये रंग किंवा गंज असेल तर एक भाग अर्थ झालेला आणि शेजारचा नाही, असंही सापडतं.

त्यानंतर ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर. स्विच दाबून ठेवायचा, फेज-न्यूट्रल एकत्र करायचे आणि बॉडीशी मोजायचं. २ मेगोहमच्या वर असेल तर ठीक, १ च्या खाली असेल तर वापरू नका. मल्टिमीटर हे काम करत नाही, त्याच्या इवल्या बॅटरीला गळती दिसत नाही. मेगर नसेल तर रिवाइंडिंगवाल्याकडे असतोच. सगळं नीट असूनही ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल, तर हँडलमध्ये रेडिओचा खरखराट दाबणारा जुना कंडेन्सर आहे का ते पाहा. तो म्हातारा होऊन गळतो. काढून टाकला तरी ड्रिल चालतं.

वडोदऱ्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं होतं, आणि पुरात बुडालेला माल धुऊनपुसून बाजारात येतो. नावाच्या पट्टीमागे आणि हवेच्या जाळ्यांच्या कोपऱ्यात बारीक वाळलेला गाळ, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, कम्युटेटरवर हिरवट छटा: ही त्याची खूण. असं ड्रिल अजिबात सुरू करून पाहू नका. आधी खोलून गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा, मग ६०-७० अंशांच्या उबेत सहा-आठ तास वाळवा. बंद पेटीत जुना साधा बल्ब पेटवून ठेवला तरी होतं. वाळवताना मेगरचा आकडा सुरुवातीला उलट घसरतो, कारण गरम इन्सुलेशनचा रोध कमी असतो. तिथं घाबरून थांबू नका. ओल गेली की तो चढू लागतो. पूर्ण वाळल्यावर वाइंडिंगवर इन्सुलेटिंग वार्निशचा हात द्यावा.

कम्युटेटर बारीक काचपेपरनं साफ करा, एमरीनं नाही. एमरीचे कण पट्ट्यांच्या फटींत रुततात आणि वीजही वाहतात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या वर आला असेल तर कार्बन उड्या मारतो. घासून पातळ केलेल्या हॅकसॉ ब्लेडनं तो अर्धा मिमी खाली घ्या. अचूक मापाचा कार्बन मिळाला नाही तर मोठा आणून घासावा. होल्डरमध्ये तो स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

गिअरबॉक्समधलं ग्रीस साबणासारखं घट्ट झालेलं असतं. ते रॉकेलनं धुवा, पण ब्राँझचे सच्छिद्र बुश त्यात बुडवू नका, त्यांच्यातलं तेल निघून जातं. लिथियम ग्रीस जागेच्या निम्म्यापर्यंतच भरा. जास्त झालं तर ते मोटरमध्ये शिरून कम्युटेटरवर बसतं. ब्रिटिश ड्रिलचे स्क्रू हरवले तर हाताशी आहे म्हणून एम-५ पिळू नका. मूळचा २ बीए (जुन्या ब्रिटिश मापाचा) स्क्रू ४.७ मिमीचा आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.८१ मिमी, एम-५ चा पिच ०.८ असल्यामुळे तो सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो आणि मग ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो.

नावाच्या पट्टीवर ११० किंवा ११५ व्होल्ट असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेलच, आणि तोही दोन वेगळ्या वाइंडिंगचा, एकच वाइंडिंग असलेला ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको. ५०० वॉटच्या ड्रिलला १ केव्हीएचा घ्या. पट्टीवर ६० सायकल लिहिलं असलं तरी या एसी-डीसी मोटरला आपल्या ५० नं फरक पडत नाही.

अर्ध्या इंची जुन्या ड्रिलचा वेग मिनिटाला साधारण ४५० ते ६०० फेरे. १२ मिमीचा एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) बिट ६०० ला फिरला की कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे २२ मीटर येतो, लोखंडी पट्टीसाठी नेमका हवा तेवढा. ३ मिमीच्या भोकासाठी ते फार हळू आणि भिंतीसाठी निरुपयोगी. बिट पलीकडे निघताना अडकतो, आणि यात क्लच नसल्यामुळे अख्खं ड्रिल मनगटाला पीळ देतं. बाजूचं हँडल लावल्याशिवाय मोठं भोक पाडू नका, आणि हातात धरून काम करताना स्विचचं लॉक-बटण वापरू नका.

ग्राइंडरला हे सगळं लागू होतंच, वर एक अट आहे. गार्ड नसेल तर घेऊ नका. आणि मशीनचे फेरे डिस्कवर लिहिलेल्या कमाल फेऱ्यांपेक्षा कमीच हवेत: १०० मिमीच्या डिस्कला साधारण १५,३००, पण २३० मिमीला फक्त ६,६००. गार्ड काढून छोट्या ग्राइंडरला मोठी डिस्क चढवणारे बरेच भेटतात.