माळ घालण्याआधी हातात टाळ द्या

गावात सप्ताह बसला की हे दृश्य हमखास दिसतं. कीर्तन संपतं, बुक्का लावून लोक पांगतात आणि एखादे आई-वडील पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला दंडाला धरून महाराजांपुढे आणतात. "महाराज, याला माळ घाला. आमचं काही ऐकत नाही." पोरगं मान खाली घालून उभं असतं. महाराजही मायेनं तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून त्याच्या गळ्यात घालतात, आजपासून सगळं बंद असं वदवून घेतात. आईच्या डोळ्यांना धार लागते. पंधरा दिवसांत तेच पोरगं पंक्चरच्या दुकानामागे पुन्हा बसलेलं असतं, आणि माळ काढून खिशात ठेवलेली असते.

यात माळेचा काही दोष नाही. क्रम चुकलाय. भजनी मंडळ अशा मुलासाठी किती करू शकतं याची कल्पना खुद्द मंडळांनाच नसते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुलगा समोर आला की "का घेतोस?" हा प्रश्न बाजूला ठेवा. "काय घेतोस, रोज किती, शेवटचं कधी घेतलंस?" हे आधी विचारा, आणि आई-बापांना दहा मिनिटं बाहेर बसवून विचारा. त्यांच्यासमोर खरं उत्तर मिळत नाही. पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं, कारण शरीर प्रत्येक नशेला वेगळं वागतं.

रोज गोळ्या घेत असेल तर त्या एकदम बंद करायच्या नाहीत. मालेगावकडे 'कुत्ता गोळी', संभाजीनगरकडे 'बटन' म्हणतात त्या बहुतेक झोपेच्या नाहीतर घबराटीवरच्या गोळ्या असतात. महिनोन्‌महिने घेतलेल्या अशा गोळ्या अचानक सोडल्या तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर त्या काही आठवड्यांत थोड्या थोड्या कमी करतात. रोजच्या दारूचंही तसंच. शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, थरथर, भ्रमिष्टपणा. म्हणजे सप्ताहाच्या मांडवात घेतलेली 'आजपासून बंद'ची शपथ मुलानं प्रामाणिकपणे पाळली, तर त्यातूनच तो दवाखान्यात पोचू शकतो. त्यामुळे शपथेआधी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा.

गांजा सोडताना जिवाला धोका नसतो, पण पहिला आठवडा पोरगं चिडतं, झोपत नाही, ताट ढकलून देतं. दोन-तीन आठवड्यांत हे निवळतं. घरच्यांना ते आधी सांगितलं नाही तर "सोडल्यापासून जास्तच बिघडला" म्हणून तेच हार मानतात. ब्राऊन शुगर किंवा खोकल्याच्या औषधाची नशा असेल तर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट जातो, आठवडाभरात अंग सावरतं. खरा धोका त्यानंतर असतो. महिना-दोन महिने कोरडा राहिलेला मुलगा मित्राच्या आग्रहाखातर पूर्वीएवढाच डोस घेतो, अंगाची सवय मात्र गेलेली असते, आणि श्वास थांबतो. हलवून जागा होत नसेल, ओठ निळसर, श्वास घोरल्यासारखा किंवा फार संथ असेल, तर झोपू दे म्हणू नका. कुशीवर वळवा, 108 लावा, शेजारून हलू नका.

पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर हुंगण्याबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण ही खास मुलांची नशा आहे. केंद्र सरकारनं 'एम्स'कडून करून घेतलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 साली प्रसिद्ध झालं. त्यात मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली एकच गोष्ट होती, हुंगायची नशा. मुलांत 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58. तोंडा-नाकाभोवती पुरळ, बाहीला रंगाचा किंवा पेट्रोलसारखा वास, सतत जवळ असलेला ओलसर रुमाल, या खुणा ओळखा. आणि रुमाल तोंडाला लावलेलं पोर दिसलं तर ओरडत त्याच्या मागे धावू नका. हुंगलेल्या द्रव्यानं हृदयाचा ठोका बिघडायच्या बेतात असतो, त्यात दचकणं आणि पळणं यांची भर पडली तर हृदय जागच्या जागी बंद पडू शकतं. हळू आवाजात बोला, मोकळ्या हवेत बसवा, रुमाल नंतर घ्या.

श्रद्धावान घरात आणखी एक गोष्ट होते. गांजा ओढणारा मुलगा एक दिवस म्हणू लागतो की देव माझ्याशी बोलतो, मला काही काम सांगितलंय. रात्ररात्र जागतो, एकटाच पुटपुटतो. घरचे म्हणतात अंगात येतं, नाहीतर बाहेरची बाधा आहे. गांजानं काही मुलांत मनाचा गंभीर आजार उफाळून येतो, आणि त्यावर जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितका मुलगा पूर्ण बरा होण्याची आशा जास्त. इथे महाराजांचा शब्द सोन्याचा ठरतो. "हे देवाचं नाही, दवाखान्याचं आहे, मी बरोबर येतो," एवढं त्यांनी म्हटलं की जे घर वर्षभर मांत्रिकांकडे फिरलं असतं ते दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जातं. कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या आजारासाठी टेलिमानसचा 14416 आणि मुलांसाठी 1098, तिन्ही क्रमांक फुकट लागतात. मंडळाच्या फळ्यावर कायमचे लिहून ठेवा.

भूत उतरवतो म्हणून मारणं, कोंडणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. साखळीनं बांधणं 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं कुठल्याही कारणासाठी बंद आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे आग लागली तेव्हा 28 माणसं मेली. दर्ग्याच्या आशेनं आलेली, तिथल्या आश्रमात बांधून ठेवलेली मनोरुग्ण माणसं होती ती, आणि साखळ्यांमुळे पळू शकली नाहीत. "मुलाला सोडून जा, तीन महिने भेटायला येऊ नका" असं सांगणाऱ्या केंद्रात, मग तिथे कितीही आरत्या होत असोत, मूल ठेवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करायचं तर दोन जाणकारांनी, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि घरच्या माणसानं किंवा त्यांनी नेमलेल्या सोबत्यानं पूर्ण काळ बरोबर राहावं लागतं. जेवणात गुपचूप मिसळायची 'दारू सोडवण्याची पावडर' देणाऱ्यांकडेही फिरकू नका. तिच्यात काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि वरून मुलगा दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

आता मंडळाचं काम.

तलफ लाटेसारखी येते. चढते, टोकाला जाते, ओसरते, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. टाळ घेऊन उभ्यानं हरिपाठ म्हणायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. दोन्ही हात अडकलेले, आवाज मोकळा, लांब सूर धरताना श्वास आपोआप लांबतो, पावली खेळताना पाय गुंतलेले, आणि आजूबाजूला दहा माणसं. अभंगाचा अर्थ त्याला पुढे कळेल, आज ही अर्ध्या तासाची मांडणीच कामाला येते. म्हणून मुलाची तलफेची वेळ कोणती ते विचारा. बहुतेकांची तिन्हीसांजेची असते, क्लास सुटल्यावर नाक्यावर टोळकं जमतं तेव्हाची. हरिपाठाची वेळ त्याच सुमारास ठेवा. आठ वाजताची साडेसहा करावी लागली तर करा.

नुसतं येऊन बसणारा मुलगा मात्र चौथ्या दिवशी येत नाही. त्याला असं काम हवं जे तो आला नाही तर अडेल. पखवाजाची कणीक हे मला यासाठी सर्वांत चांगलं काम वाटतं. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या तोंडावरच्या चामड्याला, वाजवण्याआधी ओली कणीक लावतात, तिच्या वजनानं खर्ज उतरतो. कोरडी मळली तर वाजवता वाजवता निघून पडते, सैल झाली तर पुडीला चिकटून आवाज बसतो. आधी बोटानं पुडी किंचित ओलसर करायची, मग पुरीएवढी कणीक मधोमध दाबत गोल पसरायची, थाप मारून ऐकायचं, कमी वाटली तर चिमूटभर वाढवायची. भजन संपलं की ती काढून पुडी पुसून ठेवायची, नाहीतर चामडं खराब होतं. दहा मिनिटांचं काम, पण साडेसहाला सगळे ज्याच्याकडे बघतात असं. पहिल्या दोन आठवड्यांत हात थरथरत असतील तर वाजवायला बसवू नका, लोकांदेखत चुकलेला मुलगा परत येत नाही. कणीक मात्र थरथरत्या हातांनीही मळता येते. महिन्याभरानं पखवाजवाल्यानं त्याला शेजारी घ्यावं आणि हात बसवायला सुरुवात करावी.

मंडळांच्या चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. पहिली चूक खिशात असते. दोन अभंगांच्या मध्ये तंबाखूची पुडी निघते, चुना लागतो, मळलेली तंबाखू हातोहात फिरते, आणि शेवटी या पोरापुढेही येते. विदर्भात तोच खर्रा. पोराला नशा सोडायला सांगणाऱ्या मंडळींनी निदान त्या दीड तासात तंबाखू बाहेर ठेवलीच पाहिजे, यावर माझी अजिबात तडजोड नाही. शिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. 'गांजा हा महादेवाचा प्रसाद' असं पोरं बोलून दाखवतात, तेव्हा रागावू नका. प्रसाद चोरून खावा लागत नाही, पैसे देऊन आणावा लागत नाही आणि तो नाही मिळाला म्हणून आईवर हात उठत नाही, एवढं त्याच्याशी शांतपणे बोला.

दुसरी चूक उपासाची. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार गोष्टींत तलफ उसळते. पहिले तीन महिने एकादशी धरायला लावू नका, औषधाच्या गोळ्या तर रिकाम्या पोटी नकोतच. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहारे लागतात. नव्यानं सोडलेल्या मुलाला मध्यरात्रीचा पहारा देऊ नका. त्याची झोप आधीच मोडलेली असते, आणि त्या वेळी मांडवामागे चिलीम पेटते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला संध्याकाळचा पहारा द्या, आणि बरोबर एक मोठा माणूस.

तिसरी चूक सत्काराची. दोन महिने झाले की शाल-नारळ देऊन 'नशामुक्त झालेला आपल्या गावचा सुपुत्र' म्हणून त्याला व्यासपीठावर उभं करतात, फोटो गटांवर फिरतात. पुढे तो घसरला तर सगळ्या गावापासून लपवावं लागतं, आणि लपवण्यासाठी तो सगळ्यात आधी भजन सोडतो. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच दारूचा तोटा वदवून घेत. समोरच्या कुणा एकाला उघडं पाडावं लागत नसे.

घसरणं होतंच, ते धरून चाला. देवाची आण मोडली म्हणजे आता सगळंच संपलं असं मुलाला वाटतं, आणि एका दिवसाची चूक महिन्याची होते. म्हणून जन्मभराची शपथ नको, आजच्यापुरतं बोला. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटांची माणसं 1935पासून हेच करत आली आहेत, आणि त्यांचा देवही 'आम्हाला समजला तसा' आहे. घसरल्यावर कुणाला फोन करायचा ते नाव आधीच ठरवून ठेवा. नशेत आला तर भजनात बसवू नका, एकानं घरी पोचवावं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवावं, आणि साडेसहाला कणीक पुन्हा त्याच्याच हातात द्यावी.

वारीला न्यायचं तर आळंदी ते पंढरपूर हा अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा, जवळपास तीन आठवड्यांचा रस्ता आहे. दोन ठरलेली माणसं, औषधं त्यांच्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत वेगळी, रोज रात्री घरी फोन. मूल कुठल्याही एका मोठ्या माणसाबरोबर एकटं मुक्कामाला नको, तो माणूस कितीही पूज्य असो. हा नियम वारीत, मठात, चर्चमध्ये, मदरशात सारखाच.

वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 1981मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशन या व्यसनमुक्ती संस्थेनं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली, तीही शरीराला आधी सावरण्याचीच वाट. मशिदीतून मुलाला चाळीस दिवसांच्या जमातीला पाठवतात, तिथेही निघण्याआधी डॉक्टरांना दाखवायचा नियम लावून घ्या. आणि बाप पिणारा असेल तर मुलाला स्वतःला व्यसन नसलं तरी आधार हवा असतो. 'अलाटीन' हे गट नेमके अशाच मुलांसाठी असतात.

माळेचं म्हणाल तर सहा महिने थांबा. त्यानं स्वतः मागितली, आई-बापांनी नव्हे, तर घाला. माळ तुटली तर नवी गळ्यात येईपर्यंत वारकरी अन्न घेत नाही, हा रिवाज त्याला आधी समजावून सांगा. घसरलास तरी माळ खिशात लपवू नकोस, आमच्याकडे घेऊन ये, हेही सांगा. आणि त्या दिवशी माइकवरून त्याच्या व्यसनाचं नाव काढू नका. पखवाज कोण वाजवतंय एवढंच सांगा.