डोक्याला मार लागलाय आणि तुम्ही पोराला ट्रेडमिलवर चढवताय?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा आज्या विचारतात. आईबाबांनाही विचारायचा असतो, पण ते मोबाईलवर काहीतरी वाचून आलेले असतात म्हणून गप्प बसतात. आजीला कसलीच भीड नसते, ती सरळ म्हणते, "अहो मॅडम, पोरगी डोकं धरून बसलीये आणि तुम्ही तिला पळवताय?" मी कोथरूडला फिजिओथेरपी करते, खेळणारी पोरं भरपूर येतात, कबड्डी, फुटबॉल, लेदर बॉल क्रिकेट, आणि दहीहंडीच्या आसपास वरच्या थरावरून पडलेलीही येतात. म्हटलं कंकशन, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं, आणि त्यातली ही ट्रेडमिल टेस्ट यावर एकदा सविस्तर लिहूनच टाकावं, प्रत्येक आजीला तेच तेच सांगून घसा बसतो.

आधी एक गोष्ट. परत परत उलट्या, फिट येणं, एकाचे दोन दिसणं, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, मान खूप दुखणं, वाढत जाणारी डोकेदुखी, पोरगं बरळायला लागणं किंवा जास्त जास्त गुंगीत जाणं, यातलं काहीही असलं तर फिजिओ वगैरे विसरा, थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा. आणि धडकेनंतर त्या दिवशी परत मैदानात नाही म्हणजे नाही, फायनल असली तरी. कबड्डीत पकड करताना गुडघा कानशिलावर बसला की पोरं पाणी मारून परत उभी राहतात आणि बाहेरून टाळ्या पडतात, मला त्या टाळ्यांचा फार राग येतो.

आता सीटी स्कॅन. "सीटी नॉर्मल आला मॅडम, म्हणजे काही नाहीये ना?" तसं नसतं. सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर असलं काही दिसतं, कंकशन दिसत नाही, कारण त्यात बिघडतं ते मेंदूचं काम. रक्तपुरवठा सांभाळणारी, नाडी कमीजास्त करणारी जी आपोआप चालणारी यंत्रणा असते ना, तिचा ताळ सुटतो. म्हणून बसल्याजागी ठीक वाटतं आणि दोन जिने चढले की डोकं ठणकायला लागतं, मळमळतं.

पूर्वी यावर एकच उपाय सांगायचे, अंधाऱ्या खोलीत झोपवा, टीव्ही नाही, पुस्तक नाही, मित्र नाहीत, डोकं दुखायचं पूर्ण थांबेपर्यंत. अजूनही बरेच जण हेच सांगतात. पण २०१५ मध्ये अमेरिकेत ११ ते २२ वयाच्या पोरांवर अभ्यास झाला, काहींना ५ दिवस कडक विश्रांती आणि बाकीच्यांना १-२ दिवस आराम करून मग हळूहळू कामाला लागा असं सांगितलं, तर कडक विश्रांतीवाल्यांनीच जास्त त्रास सांगितला. खोलीत कोंडलेलं पंधरा वर्षांचं पोर दिवसभर दुसरं करणार काय, आपलं डोकं दुखतंय का हेच तपासत बसणार. आताचा सल्ला असा की पहिले २४ ते ४८ तास आराम, म्हणजे घरातल्या घरात हिंडाफिरायचं, जेवायचं, गप्पा मारायच्या, आणि मग हलका व्यायाम सुरू. मोबाईल मात्र पहिले ४८ तास खरंच कमी करा, स्क्रीन बंद ठेवलेल्यांचा त्रास साधारण साडेतीन दिवसांत गेला आणि बघत बसलेल्यांचा ८ दिवसांत, असा एक अभ्यास आहे. हे वाक्य मी पोरांसमोर मुद्दाम मोठ्यांदा वाचते.

तर ट्रेडमिल. ही टेस्ट अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी बसवली. छातीला नाडी मोजायचा पट्टा बांधायचा, आणि आत्ता त्रास किती ते शून्य ते दहामध्ये विचारायचं. बसल्याजागीच सातच्या वर असेल तर टेस्ट त्या दिवशी करायचीच नाही. नाहीतर ताशी साधारण ५.३ किलोमीटरने सपाट चालायला लावायचं आणि दर मिनिटाला चढ १ टक्का वाढवायचा. चढ १५ टक्के झाला की पुढे वेग वाढवायचा. प्रत्येक मिनिटाला तेच विचारायचं, आता किती? सुरुवातीपेक्षा ३ आकडे वाढले की थांबायचं आणि त्या क्षणाची नाडी लिहून ठेवायची. पळवून दमवणं हा हेतूच नसतो, त्रास कुठे सुरू होतो तेवढं शोधायचं असतं.

समजा नाडी १५० ला गेल्यावर डोकं ठणकायला लागलं. मग त्याच्या ८० टक्के म्हणजे १२० च्या आसपास नाडी ठेवून रोज २० मिनिटं चालायचं किंवा स्टँडवरची सायकल मारायची, आणि मध्येच त्रास २ आकडे वाढला तर त्या दिवसापुरतं बंद. सपाट रस्ता घ्या, वेताळ टेकडी लगेच नको, चढाला नाडी कधी पुढे जाते कळतही नाही. आणि सोसायटीच्या जिममध्ये स्वतःच टेस्ट करू नका प्लीज, हृदयाचा काही प्रॉब्लेम असला किंवा तोल जात असला तर ही टेस्ट करायचीच नसते आणि ते आधी कोणीतरी तपासायला हवं.

याने खरंच फरक पडतो का? याच लेडी मंडळींनी २०१९ मध्ये १३ ते १८ वयाच्या खेळाडूंवर ट्रायल केली, दुखापतीनंतर १० दिवसांच्या आत सुरुवात. असा मोजून व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले, फक्त स्ट्रेचिंग करणारे १७ दिवसांत. २०२१ ला परत केली, तेव्हा १४ आणि १९. चार-पाच दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला असं वाटेल, पण दुसऱ्या ट्रायलमध्ये महिनाभर रेंगाळण्याचा धोका ४८ टक्क्यांनी कमी झाला, आणि माझ्या मते खरी कमाई ती आहे, कारण दहावीच्या वर्षात महिनाभर डोकं धरून बसणं म्हणजे काय ते घरच्यांनाच विचारा.

मला या टेस्टचं अजून एक आवडतं ते म्हणजे पोरगं पूर्ण दमेपर्यंत चाललं आणि डोकेदुखी काही वाढली नाही, पण एरवी दुखतंय म्हणतंय, तर मग शंका मानेवर किंवा डोळ्यांच्या, तोलाच्या यंत्रणेवर जाते आणि त्याचे व्यायाम वेगळे. नाहीतर मानेचं दुखणं महिनोन्‌महिने 'कंकशन' म्हणून आराम खात बसतं.

३१ जानेवारी २०२५ ला गहुंज्याला भारत-इंग्लंड टी-२० मध्ये शिवम दुबेच्या हेल्मेटवर बॉल लागला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला, तेव्हा दोघं एकसारखे खेळाडू आहेत का (डोक्याला लागलेल्याच्या जागी त्याच प्रकारचाच खेळाडू घेता येतो) यावर सगळीकडे इतकी भांडणं झाली की विचारू नका. माझ्याकडे आलेल्या क्रिकेटवाल्या पोरांनाही तेवढंच आठवतं. पण एक नियम त्यामुळे डोक्यात बसला, की डोक्याला लागलं तर माणूस बाहेर जातो आणि टीम अडत नाही. शाळेच्या मॅचमध्ये एवढं झालं तरी मी पेढे वाटेन.

कोच लोकांचा प्रश्न ठरलेला, "तारीख सांगा, टीम निवडीच्या ट्रायल्स आहेत." तारीख मी देत नाही, पायऱ्या देते. आधी शाळा आणि हलका व्यायाम सोबतच, मग एकट्याने खेळातल्या हालचाली, एका पायरीला निदान २४ तास. कुणाशी धडक न होणारी टीम प्रॅक्टिससुद्धा सगळा त्रास गेल्यावरच, मग पूर्ण धडकेची प्रॅक्टिस आणि शेवटी मॅच, आणि धडक सुरू करायच्या आधी शाळा नीट जमलेली असली पाहिजे आणि डॉक्टरचं पत्र लागतं. चढाई-पकड त्या पत्रानंतर, तोपर्यंत मॅटच्या बाहेर बसून गुण लिहा. एका पोरीने हे इतकं मनावर घेतलं की आता तिच्या कोचला दुसरं कोणी गुण लिहिलेले चालत नाहीत.