पायोमेट्रा, शॉक आणि व्हॅसोप्रेसिन

पशुवैद्यकीय अतिदक्षता विभागात रात्रपाळीला पायोमेट्राच्या, म्हणजे गर्भाशयात पू साठलेल्या, कुत्र्या येतच असतात. त्यांतली एक ३० किलोची लॅब्रॅडॉर मात्र चांगलीच लक्षात राहिली आहे. माज उलटून महिना होत आला होता, तिने खाणे सोडले होते आणि पाणी सारखे पीत होती. टेबलावर घेतली तेव्हा हिरड्या विटकरी लाल, मागच्या पायातली नाडी भराभर चाललेली आणि सरासरी रक्तदाब ४८; सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने तट्ट फुगलेले दिसले.

सलाईन आणि प्रतिजैविके सुरू करून रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणारे नॉरअॅड्रेनॅलिन लावले, पण मात्रा वाढवूनही दाब ५५ च्या पुढे सरकेना. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा, नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तातले आम्ल वाढले की नॉरअॅड्रेनॅलिनला त्या दाद देईनाशा होतात, आणि शरीराचे स्वतःचे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरकही अशा वेळी अपुरे पडते; ही शेवटची गोष्ट माणसांच्या बाबतीत १९९७ मध्ये डोनाल्ड लँड्री यांच्या गटाने दाखवली होती. व्हॅसोप्रेसिन पेशींवरच्या वेगळ्या ग्राहींवाटे (रिसेप्टर) वाहिन्या आवळते. नऊ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड माणसात आणि कुत्र्यात अगदी एकच असते (डुकरात मात्र आठव्या जागी आर्जिनिनऐवजी लायसिन असते), त्यामुळे माणसांची ॲम्प्यूल इथेही चालते. २० युनिट १०० मिली सलाईनमध्ये मिसळून पंप ताशी साडेचार मिलीवर लावला. म्हणजे किलोमागे मिनिटाला अर्धे मिलियुनिट. मात्रा जास्त झाली तर आतड्यांचा आणि पंजांचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून मी दर थोड्या वेळाने तिचे पंजे हातात धरून ऊब पाहत होतो.

तासाभरात दाब ६८ वर आला, नॉरअॅड्रेनॅलिन निम्म्यावर आणता आले आणि भूल देण्याइतकी ती सावरली. गर्भाशय काढल्यावरच खरा उतार पडला. व्हॅसोप्रेसिनला मी रामबाण मानत नाही: माणसांवरच्या २००८ च्या मोठ्या चाचणीत एकूण मृत्युदरात लक्षणीय घट दिसली नाही, आणि कुत्र्यांबाबत आमच्या हाती छोटे अभ्यासच आहेत. तरीही शस्त्रक्रियेपर्यंत रुग्ण टिकवण्यासाठी मी ते पुन्हा वापरीन.

दुसऱ्या दिवशी दोन्ही औषधे टप्प्याटप्प्याने बंद केली. तिच्या मालकांनी विचारले, "डॉक्टर, ते दाबाचं इंजेक्शन घरी चालू ठेवायचं का?" ते काही मिनिटांतच रक्तातून ओसरते आणि आता त्याची गरजही नाही, असे सांगून मी त्यांच्या हाती प्रतिजैविकाच्या गोळ्यांची चिठ्ठी दिली.