सांगायचं कुणाला, आणि कधी

डेल्फ्ट, नेदरलँड्स, मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

आज थीसिसचं एक पान पुढे सरकलं नाही आणि त्याचं अजिबात वाईट वाटत नाहीये. दुपार गेली ती स्टडी ॲडव्हायझरच्या ऑफिसात, माझ्यासाठी नाही, आमच्या मजल्यावरच्या बार्शीच्या मुलीसाठी. यंदा सप्टेंबरमध्येच आलीये मास्टर्सला. ऑक्टोबरमध्ये तिच्या बाबांची बायपास झाली सोलापूरला, आणि घरच्यांनी तिला कळवलं ते ऑपरेशन झाल्यावर, वर "तू अभ्यासाकडे बघ, इथलं आम्ही बघतो". बघणार कसा अभ्यासाकडे? तिकडे सकाळी डॉक्टर राउंडला येतात तेव्हा इथे पहाट असते, ही रोज पहाटे फोन घेऊन बसायची आणि मग दिवसभर लेक्चरला डोळे मिटायचे. पहिल्या क्वार्टरच्या एका पेपरला गेलीच नाही, दुसऱ्यात दहापैकी साडेचार, म्हणजे नापास.

हे सगळं मला कसं कळलं तर किचनमध्ये ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "ताई, हॉटेलात वगैरे काम मिळेल का गं, कितीही तास चालेल." कितीही तास चालत नाही ना इथे. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला आठवड्याला १६ तास, किंवा मग जून-जुलै-ऑगस्टमध्ये फुलटाइम, दोन्हीपैकी एकच, आणि त्यासाठी वर्क परमिट मालकाने काढायचं असतं, आपण नाही. शिवाय काम सुरू केलं की इथला बेसिक हेल्थ इन्शुरन्स घ्यावाच लागतो, त्याचा हप्ता महिन्याला दीडशे युरोच्या आसपास, सरकारकडून त्यातले बरेचसे पैसे झोर्गटूस्लाख म्हणून परत मिळू शकतात पण तो अर्ज आपला आपण करायचा. तिला एका ठिकाणी "परमिटचं नंतर बघू, तू शनिवारपासून ये" म्हणाले होते. मी स्पष्ट सांगितलं, जायचं नाही. कामाला माझा विरोध नाही, मी स्वतः करते, तासाला १४.४० युरो हा २०२५ च्या उत्तरार्धातला किमान दर होता आणि त्यावर भाजीपाला सहज निघतो, पण बिनपरमिटचं काम म्हणजे रेसिडेन्स परमिटच पणाला लावणं.

मग हळूहळू खरी भीती बाहेर आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की पेपर राहिले की परत पाठवतात. तसा नियम अर्धाच खरा आहे. वर्षाच्या ६० क्रेडिट्सपैकी निम्मे, म्हणजे ३०, मिळवावे लागतात, नाहीतर विद्यापीठाला इमिग्रेशनला कळवावं लागतं. पण आजारपण, घरातलं संकट असं कारण असेल तर विद्यापीठ ते धरतं आणि कळवत नाही. अट एवढीच की ते कारण त्यांना माहीत पाहिजे! आणि हिने इतक्या दिवसांत एका माणसाला सांगितलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपल्यात इतकं मुरलंय की घरचं दुखणं बाहेर बोलायचं म्हणजे घराची लाज काढणं वाटतं. मला तिचा राग नाही आला, मला ते सगळं फार ओळखीचं वाटलं.

ॲडव्हायझर बाई साधारण माझ्या मावशीच्या वयाच्या असतील. हिने बोलायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला रडू फुटलं, तर बाईंनी मध्ये काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि ती थांबेपर्यंत थांबल्या. मग विचारलं, बाबा आता कसे आहेत. आधी हे विचारलं, क्रेडिट्स नंतर, हे मला फार आवडलं. त्यानंतर मात्र एकदम कामाला लागल्या, स्क्रीन आमच्याकडे वळवून दोन्ही पेपरच्या रीसिट, म्हणजे फेरपरीक्षा, कधी आहेत ते दाखवलं, दुसऱ्या क्वार्टरमधला एक विषय पुढच्या वर्षावर ढकलला तर कसं जमेल ते कागदावर मांडलं, आणि आजच्या तारखेने नोंद केली की विद्यार्थिनीने घरची परिस्थिती कळवली. ही नोंद सगळ्यात महत्त्वाची. पुढे कधी शिक्षण लांबलं आणि प्रोफिलेरिंग्सफोंड्समधून पैसे मागायची वेळ आली (हा फंड प्रत्येक विद्यापीठाला कायद्यानेच ठेवावा लागतो, आजारपण, घरचं संकट यामुळे मागे पडणाऱ्यांसाठी) तर ते पहिलं हेच बघतात की वेळेत कळवलं होतं का. आमच्यासारख्या जास्त फी भरणाऱ्यांना त्यातून किती मिळतं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, ते स्टुडंट डीनला, म्हणजे विद्यार्थ्यांना अशा अडचणींत सल्ला देणाऱ्यांना, विचारायचं. डीनची अपॉइंटमेंट पण तिथेच मिळाली.

परत येताना ती सायकल हातात धरून चालत होती आणि कर्जाबद्दल बोलत होती. युरोपातल्या मुलांना २०२५-२६ ची फी २,६०१ युरो, हिला वीस हजारांच्या वर, आणि ते सगळं बार्शीचं घर तारण ठेवून. आमच्या लॅबमधला एक डच पीएचडीवाला आहे, तो 'पेख-खेनराट्सी'मधला, म्हणजे २०१५ ते २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारी बेसिक ग्रँट बंद होती तेव्हा कर्ज काढून शिकलेली ती कमनशिबी पिढी. तो जेवताना सहज सांगतो माझ्यावर एवढं कर्ज आहे म्हणून, चिडतो पण सरकारवर, आणि त्याचं चिडणं मला पटतं. पण त्याला फेडायला ३५ वर्षं आहेत, हप्ता पगार बघून ठरतो, शेवटी उरलं तर माफ. घर कुणाचं तारण नाही. हिच्या कर्जाला यातलं काहीच नाही, म्हणून ती बाबांच्या तब्येतीची आणि हप्त्याची काळजी एकाच श्वासात करते. एका पेपरात नापास झाली तरी तिला डोळ्यासमोर घराचं दार दिसतं. हे तिच्या वर्गातल्या डच मुलांना कसं कळणार, आणि बाईंनाही आपण होऊन सांगितल्याशिवाय कसं कळणार. मी तिला म्हणाले, डीनसमोर तारणाचं पण सांग, रुपयात नाही, युरोत सांग.

ती झोपेबद्दल काही बोलत नाही पण चेहरा सांगतो. स्टुडंट सायकॉलॉजिस्टकडे नाव घालायला सांगितलंय, पैसे लागत नाहीत, थांबावं लागतं म्हणून आत्ताच घालायचं. आणि त्याआधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, कारण कामाला लागल्यावर इन्शुरन्स असला तरी वर्षाच्या खर्चातले पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून जातात पण हाउसआर्ट्सची भेट त्यात धरत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ताप अंगावर काढतात.

संध्याकाळी माझ्या खोलीत खिचडी केली, शुक्रवारी हेगच्या बाजारातून आणलेली मेथी संपवायची होती, तिथे बाजार उठताना एक युरोला ढीगभर भाजी देतात. ती व्यवस्थित जेवली. जेवताना काकांना फोन लावला, डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तो तिरका, हॉस्पिटलचा शिक्का अर्धा कापलेला. नीट फोटो काढून परत पाठवा म्हणाली, आणि काका "आत्ता लाइट गेलीये, उद्या सकाळी पाठवतो" म्हणाले. डीनची वेळ गुरुवारी आहे, तोवर येईल.