सन ४३७ चा छापील ग्रंथ

आमच्या ग्रंथालयातील जुन्या युरोपीय ग्रंथांची यादी संगणकावर चढली आणि प्रकाशनवर्षाच्या क्रमाने लावली गेली, तेव्हा सर्वांत वर एका लॅटिन पुस्तकासमोर ४३७ हा आकडा होता. युरोपात सुट्या खिळ्यांची, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांची, छपाई सुरू झाली तीच मुळी १४५० च्या सुमारास. तरीही वरिष्ठांनी ‘आपल्या संग्रहातील सर्वांत प्राचीन ग्रंथ’ अशी पाटी करायला सांगून टाकले होते. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीबरोबर पुस्तक उघडून पाहण्याची सवय मिळतेच असे नाही.

मी ते पुस्तक कपाटातून काढले. शीर्षकपानावर ‘लुग्दुनी बातावोरुम’, म्हणजे हॉलंडमधील लायडन, आणि एल्झेव्हिर या प्रसिद्ध छापखान्याचे नाव होते. (नुसते ‘लुग्दुनी’ असते, तर ते फ्रान्समधील लिओं; पुढचा शब्द न वाचणारा पुस्तक चुकीच्या देशात नेऊन बसवतो.) त्याखाली वर्ष होते: सी, आय, उलटा सी, मग आय, उलटा सी, मग एक सी, आणि शेवटी तीन एक्स, आय, एक्स.

हजाराला एम आणि पाचशेला डी हे आपण शाळेत शिकतो. जुन्या छापखान्यांत मात्र आणखी एक रीत चाले. उभ्या रेघेच्या डावीकडे सरळ आणि उजवीकडे उलटा सी लावला की हजार होत, आणि त्यातला डावा सी काढून टाकला की उरलेल्या आकृतीचे पाचशे. त्यासाठी जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, सीचाच खिळा फिरवून बसवत असे. म्हणजे हजार, पाचशे, शंभर आणि एकोणचाळीस: १६३९. कळफलकावर उलटा सी नसल्याने नोंदी करणाऱ्या मुलाने सरळ सी दाबला. संगणकाच्या आज्ञावलीने ‘आय-सी’ म्हणजे शंभरातून एक वजा, असे दोनदा धरले आणि १००, ९९, ९९, १००, ३९ अशी बेरीज केली. बेरीज अगदी बरोबर होती.

त्या मुलाला मी विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, ‘दिसेल तसे टाइप करावे, अर्थ लावू नये’ असे तुमच्याच सूचनापत्रात होते.” होते खरे. रोमन वर्ष जसेच्या तसे उतरवून पुढे चौकटी कंसात आपल्या अंकांत द्यावे, ही तालिकीकरणाची, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी करण्याची, शिस्त आहे, आणि तिला कारणही आहे. कारण जुने छापणारे चारासाठी चार आय लावत, शेवटच्या आयचा जे करत, आणि रोमच्या कोलोसिअमच्या ५४ व्या दारावरही एलपुढे चार आयच कोरलेले आहेत. नोंदणाऱ्याने हे ‘सुधारले’, तर पुस्तकाचा पुरावाच पुसला जातो. पण दिसेल ते उमटवता आले नाही तर थांबून विचारावे, हे वाक्य मी लिहिले नव्हते, आणि कंसातले वर्ष काढायचे काम तर आम्ही यंत्रावरच सोपवले होते.

पाटी रद्द झाली, नोंद दुरुस्त झाली. तेव्हापासून कार्यालयीन वेळेनंतर मी एकेक पुस्तक हातात घेऊन नोंदीशी ताडते आहे. काल सापडलेल्या एका पुस्तकावर एम, डी, तीन सी, एल, एक्स, आय आहेत, म्हणजे १८६१; नोंदीत एक सी कमी पडला आहे आणि वर्ष झाले आहे १७६१. या आकड्यावर कोणीही बोट ठेवले नसते. अजून दोन कपाटे बाकी आहेत.