आंबोलीचा पाऊस, एक बेडूक आणि एक मिलिमीटर

सावंतवाडीहून एसटीने घाट चढलो. धबधब्यापाशी कणसं, स्पीकर आणि माणसांची झुंबड. तिथे पाच मिनिटंही थांबवेना. दुसरा दिवस हिरण्यकेशीला गेला. छान आहे.

माझी आंबोली सुरू होते ती रात्रीचं जेवण झाल्यावर, टॉर्च आणि कॅमेरा घेऊन. रस्त्याकडेच्या झुडपात एका पानावर आंबोली बुश फ्रॉग बसला होता, गळ्याची पिशवी फुगवून ओरडत. या बेडकाची शास्त्रीय नोंद झाली 2009 साली. याच्या पिल्लांना शेपटीवाली अवस्था नाही, अंड्यातून थेट चिमुकला बेडूकच बाहेर पडतो.

आमच्यातले एक गृहस्थ, भारी कॅमेरावाले, लगेच म्हणाले, "एफ 32 लावा, नाकापासून पायापर्यंत सगळं शार्प!" एफचा आकडा मोठा तसं लेन्सचं छिद्र बारीक आणि शार्प भाग जास्त, हे खरं. तरी हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. फुल फ्रेमवर (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर), एकास एक आकारात, म्हणजे बेडूक सेन्सरवर खऱ्याएवढाच उमटताना, एफ 8 ला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणारी खोली, मिळते जेमतेम एक मिलिमीटर. एफ 16 ला दोन. बेडकाचं नाक आणि डोळा यांतलं अंतरच त्याहून जास्त. आणि एफ 32 ला डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून येताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो, डोळासुद्धा. स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो एकावर एक जोडणं म्हणाल, तर ज्याचा गळा सारखा हलतोय आणि पान पावसाने थरथरतंय, त्याचे थर जुळणार कसे?

त्यापेक्षा मी थोडा मागे सरकतो. निम्म्या आकारात टिपलं की त्याच एफ 8 ला जवळजवळ तिप्पट खोली मिळते. घरी क्रॉप करता येतं. मग चिखलात गुडघे टेकून बेडकाच्या कुशीला सेन्सर समांतर धरायचा, म्हणजे डोळा, जबडा, कूस एका पातळीत येतात. फोकस मॅन्युअलवर ठेवून अंगच पुढेमागे डोलवायचं. बुबुळाची कडा लख्ख झाली की क्लिक. पलीकडचा पाय धूसर होतो, होऊ दे.

तेवढ्यात त्या गृहस्थांनी पान आपल्याकडे वळवायला हात घातला.

"तेका हात लावू नका हां!" आमचा वाटाड्या ओरडला. तोवर बेडूक पसार.

परतीच्या वाटेवर, भर पावसात, तेच गृहस्थ मला स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर समजावून सांगत होते.