बँडसॉ घ्यायचा होता, जीएसटी नंबर नव्हता

जीएसटी नंबर नसलेल्या माणसालाही बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीच्या ब्लेडची विजेवरची करवत, विकत घेता येतो. हे मुद्दाम सगळ्यांत आधी लिहिते आहे, कारण ज्या कंपनीकडून मी मशीन घेतलं, तिच्या हिशेबखात्याला एवढी एक गोष्ट पटवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. अजून आठवलं की डोकं तापतं.

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमचं घर आहे. मागच्या शेडमध्ये मी लाकडी पेट्या, पाट, मसाल्याचे डबे असलं काहीबाही करते. विकत नाही, घरच्या लग्नाकार्यात देते. फणसाची आठ इंची फळी उभी चिरून तिच्यातून दोन पातळ फळ्या काढायच्या, म्हणजे झाकणावर दोन्ही बाजूंना सारखी नक्षी येते, हा माझा आवडता उद्योग. हातकरवतीने ते करून खांदा कामातून गेला. टिंबर मार्केटमधल्या मिलवर नेलं तर "एवढ्याशा तुकड्याला मशीन लावायचं होय?" असं ऐकून घ्यावं लागायचं, आणि चिरलंच तर त्या रुंद पट्ट्यात निम्मं लाकूड भुसा होऊन जायचं. म्हणून स्वतःचं मशीन. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत, नको होता. बँडसॉचं ब्लेड लाकडाला खाली टेबलावर दाबतं, फळी उलटी अंगावर फेकत नाही. एकटीने काम करणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. फक्त गोल लाकूड तसंच पुढे ढकलू नका, ते ब्लेडखाली गरकन फिरतं. खाली व्ही आकाराची खोबणी असलेला ठोकळा हवाच.

कोणतं मशीन घ्यावं हे मला दुकानांनी नाही, उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्या मामांनी शिकवलं. आपल्याकडे एवढ्या फाउंड्री आहेत, त्यांच्या कास्टिंगचे साचे ज्यांच्यावरून पडतात ते लाकडी पॅटर्न वर्षानुवर्षं बँडसॉवरच कापले गेले. आता बरंचसं काम सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर गेलं, पण मामांच्या शेडमध्ये जुनं बिडाचं धूड अजून उभं आहे. ते विकत घ्यायचाही विचार होता. पण थ्री-फेज मोटर, चोवीस इंची चाकं, आणि आमच्या शेडच्या दारातून ते आत कसं जाणार? मामाच नको म्हणाले.

दुकानदार सगळे एचपी सांगतात. "मॅडम, दोन एचपी आहे, काय पण कापा." मामा म्हणाले, "ताई, एचपी मागनं बघा. आधी चाकं बघा की." मग त्यांनी बघायचं कसं ते दाखवलं. वरचं चाक हाताने फिरवायचं आणि कडेला पेन्सिल स्थिर धरायची, चाक डगमगत असेल तर लगेच कळतं. दोन्ही चाकांवर सरळ पट्टी टेकवून ती एका पातळीत आहेत का पाहायचं. ब्लेडला वरून आधार देणारा गाइडचा दांडा खाली-वर करायचा. वर असताना ब्लेड गाइडच्या मधोमध आणि खाली आणल्यावर एका बाजूला घासतंय, तर ते मशीन सोडून द्यायचं, कारण लाकडाची जाडी बदलली की दर वेळी गाइड नव्याने लावत बसावं लागतं.

मशीनचं माप म्हणजे चाकाचा व्यास. चौदा इंची म्हणजे चौदा इंचाची चाकं, आणि खांबापासून ब्लेडपर्यंतची जागा त्याहून जराशी कमी. पण मला जे हवं होतं ते दुसरंच माप, टेबलापासून गाइडपर्यंतची उंची. फळी उभी चिरायची तर तेच लागतं. बिडाच्या सांगाड्याची चौदा इंची मशीनं बहुधा सहा इंच उंचीची असतात, वर जादा ठोकळा बसवून ती बारापर्यंत नेता येतात. पोलादी पत्र्याच्या सांगाड्याच्या मशीनला मुळातच जास्त उंची मिळते. मी तसलं घेतलं, चौदा इंची, दीड एचपी, सिंगल फेज. कॅटलॉगमध्ये त्याला पाऊण इंची ब्लेड चालतं असं छापलंय. चालेल, पण ते नीट ताणून धरण्याएवढी त्याची स्प्रिंग जोरकस नाही. अर्ध्या इंचावर समाधान मानावं.

इथवर सगळं मजेत झालं. भाव ठरला, विक्रीवाला मुलगा पंजाबातून व्हॉट्सॲपवर तत्परतेने फोटो पाठवत होता. मी नाव, पत्ता, पॅन कार्ड, सगळं पाठवलं. आणि गाडी हिशेबखात्यात जाऊन रुतली.

"जीएसटी नंबर भेजो."

नाही, म्हटलं. मी घरगुती ग्राहक आहे, कर भरायला तयार आहे, अठरा टक्के पूर्ण लावा. त्यावर शांतता. फोन केला की विक्रीवाला मुलगा म्हणायचा, अकाउंट्सला विचारतो. अकाउंट्सचे गृहस्थ म्हणायचे, सिस्टम घेत नाही. एकदा त्यांनी मला "सर से बात करवा दो" असंही सुचवलं. आमच्या सरांना करवतीचे दात कोणत्या दिशेला असतात तेही सांगता येणार नाही, पण नंबर त्यांच्याकडेही नाही हे मी नम्रपणे सांगितलं.

मग त्यांच्याकडून एकेक तोडगे येऊ लागले. ओळखीच्या एखाद्या फर्मच्या नावावर बिल करा. मामा बिचारे लगेच म्हणाले, "माझा नंबर टाका की ताई, त्यात काय एवढं!" माणूस मोठ्या मनाचा, पण मशीन त्यांच्या वहीत आणि उभं माझ्या शेडमध्ये, वॉरंटीही त्यांच्याच नावाची. उद्या कोणी विचारलं तर उत्तर त्यांनी द्यायचं. मी नको म्हटलं, आणि तुम्हालाही तेच सांगेन. दुसरा तोडगा, दोन बिलं करू, मशीनचं एक आणि मोटरचं दुसरं, दोन्ही पन्नास हजारांच्या आत. म्हणजे ई-वे बिलाची, ठरावीक किमतीच्या वरचा माल ट्रकने नेताना ऑनलाइन काढावा लागणाऱ्या कागदाची, भानगडच नको. याला नियम चुकवणं म्हणतात, आणि वर वाटेत ट्रक अडवला तर माल माझाच अडकणार. तिसरा तोडगा ऐकून मात्र मी थक्क झाले. मॅडम, तुम्हीच जीएसटी नोंदणी करून टाका! एक करवत घेण्यासाठी मी व्यापारी व्हायचं, आणि मग काही विकलं नाही तरी शून्याची विवरणपत्रं भरत बसायचं.

दरम्यान वैशाखातला उकाडा, शेडमध्ये मशीनसाठी मोकळी करून ठेवलेली जागा, आणि तिच्यावर हळूहळू घरातल्या रद्दीने केलेलं अतिक्रमण. दुसरीकडून घ्यावं असं रोज वाटायचं. पण हव्या त्या उंचीचं, सिंगल फेज, माझ्या पैशांत बसणारं तेवढं एकच मशीन सापडलं होतं. आणि खरं सांगायचं तर आता जिद्दही पेटली होती.

सुटका केली गल्लीतल्या सीएचा अभ्यास करणाऱ्या मुलीने. ती एका कर सल्लागाराकडे उमेदवारी करते. तिला सगळी कहाणी सांगितली तर ती हसायलाच लागली. "काकू, यूआरपी लिहायला सांगा त्यांना." ई-वे बिलाच्या फॉर्ममध्ये घेणाऱ्याच्या जीएसटी नंबराचा जो रकाना असतो, त्यात नोंदणी नसलेल्या ग्राहकासाठी इंग्रजीत यूआरपी (अनरजिस्टर्ड पर्सन) ही तीन अक्षरं टाकायची असतात. फॉर्ममध्येच ती सोय आहे. बिलाचंही तसंच. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे नोंदणी नसलेल्या ग्राहकाला ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा माल विकला तर बिलावर त्याचं नाव, पत्ता, माल पोहोचवायचा पत्ता, राज्याचं नाव आणि राज्याचा कोड लिहावा लागतो. महाराष्ट्राचा कोड २७. म्हणजे माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचा विचार नियमात आधीच केलेला आहे, हिशेबखात्यातल्या पडद्यावर तेवढा नव्हता. ही मंडळी कारखान्यांना विकतात, आणि कारखानदाराला भरलेल्या कराची वजावट हवी म्हणून तो स्वतःच आधी नंबर देतो. बिननंबराचं कोणी त्यांच्या दारात सहसा जात नसावं. पण म्हणून समोरच्यालाच खोटं ठरवायचं?

तिच्याकडून नियम लिहून घेऊन मी रीतसर ई-मेल टाकली, मालकांनाही प्रत जोडली. ई-मेलला उत्तर आलं नाही. थेट बिलच आलं. वर माझ्या नावामागे "मेसर्स".

तेव्हा तुम्ही घेत असाल तर पैसे पाठवण्याआधी दोन प्रश्न लेखी विचारा: बिल माझ्या व्यक्तिगत नावावर होईल ना, आणि ई-वे बिल यूआरपी म्हणून काढाल ना? महाराष्ट्रातल्याच विक्रेत्याकडून घेतलंत तर ई-वे बिलाची मर्यादा एक लाखाची आहे, परराज्यातून येणाऱ्या मालाला पन्नास हजारांची. लाखाच्या आतलं मशीन पुण्याहून आलं असतं तर निम्मा मनस्ताप वाचला असता. हे मला बिल आल्यावर कळलं.

महामार्गालगतच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर शेवटचा फाटा फुटलाच. पेटी समोर दिसत होती आणि तिथला माणूस म्हणत होता, पावतीवर फर्मचा शिक्का लागेल. मी बिलावरचं नाव दाखवलं, आधार कार्डाची प्रत दिली, आणि पेटीशेजारच्या पोत्यांवर बसून राहिले. त्याने थोड्या वेळाने सही घेऊन सोडलं. सही करण्याआधी पेटी चारही बाजूंनी बघा. फळी फुटली असेल तर तसं पावतीवरच लिहा, मग भांडायला काहीतरी हातात राहतं. भाडं "टू पे", म्हणजे माल घेताना द्यायचं आहे, की आधीच भरलंय हेही बिल्टीवर, ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, वाचा. पुढे छोटा हत्ती, दोन हमाल आणि शेजारची पोरं. उतरवणं, जोडणं यात सांगण्यासारखं काही नाही.

विजेचं सांगायचं राहिलं. दीड एचपी म्हणजे साधारण अकराशे वॅट, घरच्या मीटरवर चालतं. पण मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. बी टाइपचा एमसीबी असेल तर तो पडतो, सी टाइपचा घ्या. स्वतंत्र पॉवर प्लग आणि चांगलं अर्थिंग हवंच, पातळ एक्स्टेन्शनवर लावू नका.

आणि ब्लेड. उद्यमनगरात बँडसॉचं ब्लेड हव्या त्या लांबीत जोडून मिळतं, हे ऐकून मी खूश झाले होते. पण ती असतात लोखंड कापायची, ०.९ मिलिमीटर जाडीची. चौदा इंची चाकावरून एवढी जाड पट्टी सारखी वाकत राहिली की तिला तडे जातात. आपल्याला अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या मधली, लाकडाची हवी. ती मागवावी लागते. जुन्या ब्लेडला दोरा लावून लांबी मोजा, किंवा वरचं चाक अर्ध्या ताणावर ठेवून चाकांच्या केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट अधिक चाकाचा परीघ, एवढी लांबी सांगा. रुंदीचा हिशेब मामांनी सुतात दिला, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग: दोन सुती ब्लेड पाच सुतांच्या त्रिज्येचं वळण घेतं, चार सुतीला मात्र अडीच इंचांची त्रिज्या लागते. फळी चिरायला चार सुती आणि इंचाला तीन दात. जास्त दात असले की भुसा अडकतो, ब्लेड तापतं आणि चीर तिरकी जाते. पातळ लाकडाला मात्र किमान तीन दात लाकडात असतील असं ब्लेड लावा. काम संपलं की ताण सैल करायचा, नाहीतर चाकावरच्या रबराला खळगा पडतो.

मास्क लावा. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलंय, आणि फणसाचा पिवळा भुसा तर नाकातून लवकर जातच नाही. आपल्या पावसात बिडाचं टेबल एका रात्रीत तांबूस होतं. जूनच्या आधी त्यावर मेण घासून ठेवा. तेल नको, त्याचे डाग लाकडाला लागतात आणि मग पॉलिश धरत नाही.